कलमाखालचा फुटवा

मी, गुणाजी महिपती मरवडे, वय बहात्तर, धंदा बागायत, राहणार खांब, तालुका रोहा, जिल्हा रायगड, हे कोणाच्या धाकाशिवाय लिहून ठेवतो. पाय गेले, पण डोके जागेवर आहे. शंका असेल त्याने येऊन माझ्याशी भांडून पाहावे.

१. राहते घर, भातजमीन व पोस्टातील शिल्लक माझी एकुलती मुलगी सरू, सासर पेण, हिची. घर विकले तरी हरकत नाही. तिच्या आईची पितळी घागर मात्र मोडीत घालू नये.

२. विहिरीजवळचे आंब्याचे झाड. हापुसाच्या मोहरावर गावच्या रायवळाचे पराग लावून, वर मलमलीची पिशवी बांधून, धरलेल्या फळाची कोय इथे रुजवून मी ही जात तयार केली. हापूस आतून साका धरतो, म्हणजे गर पांढरट, आंबट पडतो, बागायतदार बुडतो. साका न धरणारा आंबा मिळावा म्हणून उभी हयात घालवली. झाड एकदाच फळले. माझी बायको बायजा तेव्हा अंथरुणाला खिळलेली. फोड खाऊन म्हणाली, "व्हय, झाला तुमचा आंबा. आता तरी माझ्याजवळ बसा." मी बसलो नाही. त्याच पावसात ती गेली. याची हळहळ जात नाही.

पुढे मोहर धरेना. मी पाय मोडून सरूकडे पडलो असता धाकटा भाऊ हैबतराव याने, वांझ रायवळ समजून, झाड कमरेएवढे राखून कापले आणि खुंटावर हापुसाची कलमे बांधली. माझ्यावर उपकार म्हणून! परत आलो तर हाताला धरून दाखवायला नेले. "दादा, आता बघ कसा लागतोय आंबा." त्या जातीचे दुसरे झाड नव्हते. अरे, एका शब्दाने विचारायचे होतेस रे! तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे.

३. त्या कलमाखाली जुन्या खोडातून एक फुटवा निघाला आहे. असे फुटवे खुडून टाकायची आपल्याकडची रीत. हा कोणी खुडू नये. माझी जात आता एवढ्यातच उरली आहे. त्याच्या काड्यांची नवी कलमे बांधायला हवीत. माझे हात कापतात, बांधली ती सगळी सुकली. ज्याच्या हातचे कलम हमखास जगते असा माणूस तालुक्यात एकच, हैबतराव. सबब हे झाड, त्याखालची जमीन व माझा कलमाचा चाकू त्यास देतो. जात जगली तर नाव त्यानेच ठेवावे.

ज्याला मिळकत मिळते त्याची साक्ष नको, असे वकील म्हणाले, म्हणून त्याला बोलावले नाही. तो आत्ता विहिरीवर पाणी शेंदतो आहे, रहाट ऐकू येतो. हाक मारावीशी फार वाटते. तोंडातून निघत नाही.

सही: गुणाजी महिपती मरवडे

आमच्यासमोर वाचून सही केली. साक्षीदार:
१) बाबाजी शिवा वारगे, खांब
२) कमळाकर दत्तात्रेय गुरव, रोहा

मुक्काम खांब, १२ जून १९८९