जुईली ओरडली नाही

अकोला, शुक्रवार

ती. कुंदाताईस अकोल्याहून शरयूचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर जुईलीसमोर बोलता येत नाही, म्हणून लिहिते. ती आणि तिची लेक दोघीही सुखरूप आहेत.

सतरा तास कळा देऊनही पोरीने आवाज काढला नाही. नर्सला वाटलं, अजून वेळ आहे. डॉक्टर आले तोवर बाळ अडलं होतं. चिमटा लावला, टाके पडले, रक्त चढवलं. आता बरी आहे, काळजी नको.

विहीणबाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या. "लय धीराची पोरगी जी तुमची! हूं का चूं नाई केलं." धीर म्हणजे काय तोंड शिवून घेणं, असं मी सुनावणारच होते. तेवढ्यात जुईली म्हणाली, "आईपण माझ्या वेळी गप्पच होती." हे मीच तिला शंभरदा मिरवून सांगितलंय.

काल तिने विचारलं, "आई, मी ओरडले असते तर डॉक्टर लवकर आले असते का?" तीस वर्षं मी कॉन्व्हेंटातले वर्ग गप्प केले, आणि आज तिच्या या प्रश्नासाठी तुला लिहायला बसले.

ताई, जुईलीच्या वेळी दाराबाहेर तू होतीस. मी गप्प होते, असं सासूबाईंनी बारशाला सगळ्यांना सांगितलं आणि मीही तेच धरून बसले. मला स्वतःला काहीच आठवत नाही. आठवतो फक्त घसा. तीन दिवस बसला होता, आणि तू मला मिठाच्या गुळण्या करायला लावायचीस.

कशाने बसला होता गं? खरं ते लिही. जुईलीला वाचून दाखवायचंय.

तुझी गोंधळलेली,
शरयू