दसऱ्याची डाय

१० सप्टेंबर, बुधवार

आज परत तेच. रणजितदादांनी (इथून पुढं नुसतं र.दा., मालक असले तरी पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही) स्वतःचा मोबाईल माझ्या टेबलावर आपटला. "ह्यो बघ कीबोर्ड. साऱ्या जगाला चालतोय. तुलाच काय वेगळं सोनं लागलंय?"

सोनं नको. दूध संघाच्या जनावरांच्या डॉक्टरांसाठी हातात मावणारा कॉम्प्युटर करतोय आपण. गोठ्यात उभं राहून मराठीत नोंद करायची. डॉक्टरचा डावा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या आत. उरला उजवा. त्यानंच धरायचं आणि त्याच अंगठ्यानं टाइप करायचं. दहा-दहा बटणांच्या आडव्या ओळी एका हातात मावतील कशा? तीनदा सांगितलं. म्हणे, "मावत्यात की."

मावतात म्हणे. स्वतः दोन्ही हातांनी टाइप करतो हा माणूस, जीभ बाहेर काढून.

डबा तसाच परत आणला. आईनं विचारलं. भूक नव्हती म्हटलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

गडहिंग्लज. एसटीत उभं राहून. संघाच्या केंद्रावर डॉ. चौगुले म्हणून आहेत, पन्नाशीचे, आवाज असा की म्हैस पण कान टवकारते. त्यांना रुंद नमुना दिला, र.दा.च्या हट्टाचा. म्हटलं वापरून दाखवा.

पहिल्या गोठ्यात निसटला. दुसऱ्या गोठ्यात शेणात. तिसऱ्या गोठ्यात त्यांनी तो गव्हाणीवर ठेवला आणि म्हशीनं चाटला. डॉ. म्हणाले, "मॅडम, ह्ये ज्यानं केलंय त्याला एकदा हातमोजा घालून हितं हुबा करा."

ज्यानं केलंय त्याचं नाव सांगितलं नाही. कामाला आहे ना मी तिथं.

परत येताना बसमध्ये अंगठा नुसता हवेत फिरवून बघत होते. कुठं पोचतो, कुठं नाही. शेजारची बाई सरकून बसली.

१८ सप्टेंबर

अरुंद नमुना तयार. पाच बटणं आडवी, सात उभी. मूठ पुरी बसते. काना, वेलांट्या, उकार अगदी अंगठ्याखाली, कारण त्यांच्यावाचून शब्द पुढं जात नाही. क दोनदा दाबला की ख. ग-घ, ज-झ तसंच. निम्मी बटणं वाचली. माज, गाभण, कास, जार, ताप, हे शब्द दिवसभर लागतात त्यांना. त्यांची अक्षरं जवळ. क्वचित लागणारी वर, कोपऱ्यात.

जमलंय. मला माहीत आहे की जमलंय.

र.दा. आले, बघितलं. "एबीसीडी कुठाय?" नाही. "चेअरमनला काय दावू मग?" चेअरमन म्हशी तपासतात का, असं तोंडावर आलं होतं, गिळलं. मग म्हणाले, "ळ काढ, एक बटण वाचतंय." कोल्हापुरात बसून. गूळ कशानं लिहायचा विचारलं, तर हसले. या हसण्याचाच जास्त राग येतो. ओरडले असते तर उलट बोलता तरी आलं असतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

डॉ. चौगुल्यांनीच र.दा.ना फोन केला. काय बोलले माहीत नाही, पण केबिनच्या बाहेरसुद्धा आवाज येत होता. अर्ध्या तासानं र.दा. बाहेर आले. "बरं बाई. तुझीच कर. दसऱ्याच्या मुहूर्तावर डाय लावू."

विश्वास बसेना. दोनदा विचारलं, माझीच ना? "व्हय म्हनलो की. लिहून दिऊ का?"

द्यायला हवं होतं लिहून. असो. तोंडी तर तोंडी.

टूलरूममध्ये जाऊन तानाजीला सांगणार होते, डाय, म्हणजे खोक्याचा पोलादी साचा, तोच कापतो. तो सुट्टीवर. र.दा. म्हणाले, मी सांगतो त्याला. दोन्ही ड्रॉइंग त्याच्या कॉम्प्युटरवर आहेतच. एकदा पोलादात कापलं की मग बदल नाही. जे कापलं तसेच सगळे नग निघणार. तेवढ्यासाठी तर एवढी भांडले.

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्यापासून दोन दिवस रजा. विहारात परवाच्या धम्मचक्र दिनाची तयारी, आईनं माझं नाव स्वयंपाकाला आधीच देऊन ठेवलंय.

उद्या इथं खंडेनवमी. मशिनी पुसणं, झेंडू, नारळ, सगळं. गेल्या वर्षी मी केलेल्या वजनकाट्यावर नारळ फोडला. पाणी थेट आत. बोर्ड गेला. "परसाद मिळाला त्येला," म्हणून सगळे हसत होते. दोन महिन्यांचं काम होतं माझं.

यंदा अरुंद नमुना ड्रॉवरमध्ये, कुलूप, किल्ली पर्समध्ये. रुंद फळीवर ठेवलाय. त्याला घाला काय आंघोळ घालायची ती.

२ ऑक्टोबर

विहारात गर्दी. आईची पांढरी साडी, नवी, सकाळपासून तीन वेळा निऱ्या सारख्या केल्या. खिरीला मी ढवळायला. हात भरून आला पण बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणावर चिडले नाही.

दुपारी ग्रुपवर फोटो. टूलरूमच्या मशीनला तोरण, सगळ्यांची कपाळं लाल. पुढं पाटावर रुंद नमुना, हळदीकुंकू, हार, आपट्याची पानं. बटणांवर नारळाचं पाणी दिसतंय. बरं झालं, माझा कुलपात आहे. अंगठा दाखवला ग्रुपवर.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

अंगठा दाखवला मी. अंगठा.

रुंद कापलीय. डाय. काल, मुहूर्तावर. सकाळी टूलरूममध्ये गेले तर मशीनवर दहाची ओळ. आधी वाटलं, मी चुकीचं बघतेय.

तानाजी म्हणाला, "दादा गावाकडं गेलते, फोन लागंना. मुहूर्त टळाय लागलेला. मग पाटावर जी पुजल्याली तीच लावली."

कुणी सांगितलं तुला ती लावायला?

"पुजल्याली म्हंजे ठरल्यालीच की मॅडम. न ठरलेल्याला कोण कुंकू लावतंय?"

त्याचा चेहरा अगदी सरळ. त्याला खरंच असं वाटतं. ओरडले. टूलरूममधली सगळी मशिनं बंद झाली एवढी ओरडले. मग बाहेर जाऊन कंपाउंडपाशी उभी राहिले. कागलच्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर चाललेला, गाणी लावून. त्याच्यावरही राग आला.

र.दा. तानाजीला सांगायचं विसरले. विसरले. एक वाक्य होतं.

आणि हो, किल्ली माझ्याकडं होती. माझा बाहेर असता तर माझा पुजला असता. कळतंय मला. सारखं तेच कळतंय सकाळपासून.

६ ऑक्टोबर, सोमवार

र.दा.शी बोलले. बोलले म्हणजे काय, भांडले.

"झालं ते झालं. दसऱ्याची डाय हाय, मोडायची न्हाय. आमच्या वडलांनी पण कवा मोडली न्हाय."

पण तुम्हीच माझी ठरवली होती.

"ठरवल्याली. आता देवानंच कौल दिला म्हनायचं."

म्हटलं, देवाचा अंगठा केवढा असतो ते माहीत आहे का तुम्हाला? कारण चौगुल्यांचा एवढाच आहे. दाखवला माझा, नाकासमोर.

"प्रज्ञा मॅडम." मॅडम लावलं की समजायचं, संपलं. "तोंड आवरा जरा. आन् ही अक्षरं त्या रुंदवर बसवा. पंधरा दिवसांत पहिले नग गडहिंग्लजला न्यायचेत."

राजीनामा लिहिला. ड्रॉवरमध्ये टाकला, अरुंद नमुन्याखाली.

८ ऑक्टोबर

आई भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "तू तुझं कुलपात घातलंस. त्यांच्या नजरेला जे पडलं ते त्यांनी पुजलं. तानाजीचं काय चुकलं गं?"

म्हणजे माझं चुकलं?

"मी असं म्हटलं का?"

म्हटलं नाही, पण म्हटलंच. तिच्यावर पण ओरडले. ती थापतच राहिली. मग म्हणाली, "नोकरी सोडायची तर सोड. पण सोडलीस तर त्या डॉक्टरांच्या हातात रुंदच राहणार कायमचं, एवढं बघ." आणि भाकरी उलटली.

जेवले. दोन भाकरी. राग आला की एक तर अजिबात जेवत नाही, नाहीतर असं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

र.दा.च्या गाडीनं गडहिंग्लज. पहिले नग घेऊन. अरुंद माझ्या पर्समध्ये, कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉ. चौगुल्यांनी रुंद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. लाज वाटली. माझी लाज नव्हती ती, तरी मलाच वाटत होती.

गोठा एका म्हातारीचा. डॉ.चा डावा हात म्हशीत. उजव्यात यंत्र, एक अक्षर दाबलं की यंत्र कलंडतंय. शेवटी म्हणाले, "अव्वा, धर गं ह्ये." म्हातारीनं दोन्ही हातांनी यंत्र धरलं, ताटासारखं, आणि डॉ. एका बोटानं टाइप करत राहिले. म्हैस हलली की म्हातारी हलली, यंत्र हललं. गाभण लिहायला केवढा वेळ.

र.दा. म्हणाले, "चालतंय की."

डॉ. म्हणाले, "चालतंय. परतेक यंत्रामागं एक म्हातारी द्या."

मग मी अरुंद काढून त्यांच्या हातात ठेवला. र.दा.कडं न बघता. डॉ.नी मान वळवली सुद्धा नाही, म्हशीकडंच तोंड, अंगठा चालला. "चौथा महिना गाभण, तब्येत बरी, दूध कमी." संपलं. म्हातारी अजून रुंद धरून उभी, तिला वाटलं तिचं काम बाकी आहे.

र.दा.नी सगळं बघितलं. मी त्यांचं तोंड बघत होते तेव्हा. कळलं होतं त्यांना.

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो. म्हणाले, "चांगलंय तुझं. मी न्हाई कुठं म्हनतोय?" मग करू या ना दुसरी डाय. "दसऱ्याची मोडून? लोकं काय म्हनतील? कामगार बिथरत्यात गं. पुढच्या दसऱ्याला बघू."

पुढच्या दसऱ्याला. तोवर सगळ्या तालुक्यांत ती रुंदच जाणार आणि एकदा गेली की कोण बदलतंय. चहा अर्धा टाकून गाडीत जाऊन बसले.

१८ ऑक्टोबर

तानाजी स्वतः माझ्या टेबलाशी आला. त्या दिवसापासून मी बोलले नव्हते त्याच्याशी. हातात दिवाळीचा चिवडा, बायकोनं दिलेला, पिशवी पुढं केली. घेतली. काय करणार.

म्हणाला, "चुकलं असंल तर माफ करा मॅडम, पर मला कुणी काय बोललंच न्हवतं." माहीत आहे, म्हटलं. तुझ्यावर नाही राग. होता, आता नाही.

मग उगाच उभा राहिला. पोलादाचा एक ठोकळा शिल्लक आहे म्हणाला, रुंदच्या वेळी दोन आणले होते. पाडव्याला पण मशीनवर काहीतरी लावायचं असतंय, अर्धा मुहूर्त का होईना. काय लावायचं ते दादा कधी सांगत नाहीत, सासुरवाडीला असतात.

मग कशावरून ठरवतोस, विचारलं.

"लक्ष्मीपूजनाला पाटावर जे असंल त्ये."

एवढं बोलून गेला. त्याला काही सुचवायचं होतं असं मला वाटत नाही. खरंच वाटत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

दिवसभर आवराआवर. चारला सुट्टी. पूजा सहाला, ती कामगार करतात, मी थांबत नाही.

आईला सकाळी सांगितलं होतं. म्हणाली, "आपल्यात ते चालत नाही." म्हटलं, मी कुठं पूजा करतेय. मी कुंकवाला हात लावणार नाही. "आणि ही लबाडी नव्हे?" म्हटलं, माझं ठरलेलंच होतं ना सव्वीस तारखेला? र.दा. तोंडानं म्हणाले होते ना? मग. पटलं नाही तिला, तिचा चेहरा मला कळतो.

निघताना ड्रॉवर उघडला. राजीनामा फाडला. अरुंद बाहेर काढला आणि टूलरूमच्या फळीवर ठेवला, पाटाच्या वरच, पहिला हात जाईल तिथं. नारळाचं पाणी आत जाणार, बोर्ड जाणार. जाऊ दे. दुसरा करीन, उद्या पाडव्याला ह्याची डाय लागली म्हणजे झालं. रुंदचे सगळे नमुने माझ्या पिशवीत, डब्याखाली. पिशवी जड झाली.

तानाजी झेंडूचे हार ओवत होता. वर बघितलं. "मॅडम, ह्यो आज भायेर?"

म्हटलं, राहू दे.

"नारळ फोडतील की ह्याच्यावर."

फोडू दे म्हटलं.

घरी आले. आईनं पणत्या लावल्यात दारात, चार, शेजारच्यांना बरं वाटावं म्हणून. साडेसहा वाजून गेले. र.दा.चा फोन येऊन गेला, उचलला नाही. दिवाळीच्या शुभेच्छा असतील किंवा नसतील. पिशवी तशीच कोपऱ्यात आहे, डबा पण धुतलेला नाही.

ग्रुपवर अजून फोटो आलेला नाही.