जुनाच राउटर

दादा,

राउटरवर ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन लावलं की नेट रडतं, ही तुझी रोजची कुरकुर ऐकून कान किटले. म्हणून तू बाहेर पडल्यावर नवा राउटर आणला. दुकानदार म्हणाला, स्वस्तातला घ्या, पण प्रोसेसर दणकट बघा, व्हीपीएनच्या एन्क्रिप्शनला तोच लागतो. तसाच घेतला. जुन्यातली तुझी सगळी सेटिंग त्यात भरली. नेट सुसाट. व्हीपीएन मात्र जोडेना. तुझ्या ऑफिसकडून पुन्हा पुन्हा एकच उत्तर येतं: हे खातं बंद करण्यात आलं आहे.

मग रोज दार लावून तू मीटिंगमध्ये कुणाशी बोलतोस रे?

जुनाच राउटर परत लावून ठेवलाय. आईने विचारलं, "झालं का नीट?" मी म्हटलं, "नाही गं, अजून हळूच आहे."

धाकटी