मुका गुराखी आणि एकोणीस अक्षरं

सातारा, ३ सप्टेंबर १९४३
सौ. गोदावरीचे कान विषमज्वरात गेले त्याला वर्ष झालं. काल नाटकाला नेलं. शेजारणी हसल्या की मग ही हसते. एकदा शेजारणीला शिंक आली, ही हसली. स्टेजवर तेव्हा बाप मरत होता. येताना म्हणाली, "मला आता नेत जाऊ नका."
संकल्प : नाटक मीच बसवणार. मुखवट्यांचं, मुकं. ती सगळ्यांच्या आधी हसली पाहिजे. नोव्हेंबरात सांगलीला रंगभूमीची शंभरी. तिचं माहेर तिथलंच. माहेरच्या गल्लीतल्या शाळेचं अंगण मिळेल, हेडमास्तर माझा विद्यार्थी. काम सोपं आहे. शब्द काढले की उरतं ते नाटक.

६ सप्टें., सकाळी
कथानक ठरलं. गुराख्याचा पावा हरवतो. पाच सीन रानोमाळ शोधतो, शेवटी कमरेलाच सापडतो. शब्द एकही नाही. सुरुवातीला एक छोटी कविता, वातावरणापुरती.

८ सप्टें.
कविता बावीस झाल्या. तरी नाटक मुकंच आहे.

१९ सप्टें.
नट मिळाले, दोघेही माझे विद्यार्थी. पेन्शनर हवालदार नाथाजी : बैल. ऊसवाला भाऊसो : झाड. गुराखी मी. वय सदुसष्ट, पण मुखवट्याला वय नसतं.
भाऊसोने विचारलं, झाडानं करायचं काय. म्हटलं, भाव दाखव. त्याने गुळाचा भाव सांगितला.

२ ऑक्टो.
मुखवट्यांना कागदाचा लगदा हवा. युद्धामुळे रद्दी मिळेना. सौ.ला पाटीवर लिहून विचारलं. (घरात मी पाटीवर लिहितो, ती तोंडाने उत्तर देते.) आत गेली आणि माझ्या बावीस कविता घेऊन आली. "नाटक मुकं आहे ना?" म्हणाली.
भिजवल्या. कीड लागू नये म्हणून मेथीची पूड घातली. कविता पाठ आहेत, हरकत नाही.

१७ ऑक्टो.
मुखवटे वाळले. आत मेथीचा कडू वास, श्वास पुरत नाही. प्रॅक्टिसने जमेल.
नाथाजी म्हणतो, "मास्तर, तुमचा गुराखी जपमाळ वडतोय व्हय वं?" मनात शार्दूलविक्रीडित चालू असलं की माझी बोटं अक्षरं मोजतात. वर्गात तसंच शिकवलं, घरी सौ.लाही : चार बोटांची बारा पेरं, मग यती, पुन्हा सहा पेरं, एकोणिसाव्या अक्षराला मूठ.
उद्यापासून बोटं बंद.

१८ ऑक्टो.
बंद झाली नाहीत. गुराखी विचार करतो आहे असं समजावं.

३० ऑक्टो.
चौथा, पाचवा सीन सुचत नाही. सौ.ने माहेरी कार्ड टाकलं. टाकायच्या आधी मी वाचलं : "यांच्या नाटकात बोलणं नाही. मला सगळं कळेल." जेवण गेलं नाही. पोट बिघडलंय असं पाटीवर लिहिलं.

सांगली, ५ नोव्हें., दुपारी
अंगण भरलंय. सौ. नवं लुगडं नेसून बायकांत पुढे बसली आहे. चौथा सीन ऐनवेळी सुचेल. अशाच वेळी सुचतं.

६ नोव्हें.
सुचलं नाही. त्याआधीच, तिसऱ्या सीनला, मुखवटा सरकला. भोकं कपाळावर गेली, अंधार. धीर यावा म्हणून माझा तीस वर्षांपूर्वीचा श्लोक पुटपुटलो. तिसऱ्या ओळीत 'जा' आहे. चौथी ओळ संपताना श्वासही संपला.
तेवढ्यात बायकांतून हसू आलं. एकटंच. वर्षभरात असं मोकळं ऐकलं नव्हतं, पण ओळखलं. सगळ्यांच्या आधी!
मुखवटा वर केला तर बैल नव्हता. मग सगळं अंगण हसलं. पडदा.
नाथाजीला विचारलं, का गेलास. "तुमीच म्हनलासा की, जा. हुकूम त्यो हुकूम."
असो. ती आधी हसली. नाटक तिला पोचलं. बाकीच्यांची तयारी कमी.

७ नोव्हें., गाडीत
कोरेगाव यायच्या सुमाराला पाटीवर लिहिलं : काय आवडलं?
म्हणाली, गोष्ट काही कळली नाही. बैल मात्र झकास. मग लिहिलं : हसलीस कशाला?
"बोटं दिसत होती की तुमची. तीन ओळींना मूठ वळली. चौथीला वळेचना, तशीच हवेत. एक अक्षर कमी आहे हो."
लिहिलं : तीस वर्षं हाच श्लोक ऐकत होतीस.
"ऐकू यायचं तेव्हा तुम्ही शेवट लांबवायचा. कळायचं नाही."
पाटी पुसून चौथी ओळ लिहिली. पावा शोधित हिंडतो वनिवनी गोपाळ वेडाच.
दोनदा मोजली. अठरा.