आभाळातली दोन खळी

सोनपेठ, मंगळवार, दिवेलागण

अजून मन वरच आहे. दुपारी नात म्हणाली, "आबा, सूर्याच्या वाऱ्यासोबत चुंबकत्व येतं. ते दक्षिणेकडं वळलं की ध्रुवांवरच्या उंच हवेतले विद्युतभारित कण जोरात फिरायला लागतात. मधून पुढं जातात, दोन्ही कडांनी परततात." म्हणजे बैल गोल गोल फिरतात तशी शेजारशेजारची मळणीची दोन खळीच की! दोन खळी, एवढ्या उंच! आणि मी मास्तर, वाऱ्याची कविता शिकवताना पोरांना सांगायचो, वर सगळं निश्चल असतं.

तिला हे शिकायला बर्फाच्या देशात जायचंय. तिचा बाप नको म्हणतो. मी मधे पडू का? पडलोच. "जाऊ दे लेकीला."

पोरगा म्हणाला, "तिथं थंडी लय असते, आबा."

"मग घोंगडं देऊ की बांधून!"

हसला एकदाचा.