तुमचा निळा शर्ट

भाऊजी,

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही तेच सांगता, "दादा कारखान्यात बोलता बोलता गेला. छातीत कळ नाही की काही नाही." मी खाली मान घालून ऐकते.

काल डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मधुमेह जुना असला की हार्ट अटॅक आला तरी छातीत दुखेलच असं नाही. कधी नुसता घाम फुटतो, दम लागतो."

तेव्हापासून मनातून एक गोष्ट जात नाही. मी दवाखान्यात पोचले तेव्हा यांच्या अंगावर तुमचा निळा शर्ट होता. सकाळी हे पांढरा घालून निघाले होते. घामाने भिजलेला शर्ट तुम्हीच बदलायला लावलात ना? आणि मग? "दादा, जरा पड," म्हणालात, की "नाटकं पुरे, कपाट आज पोचवायचंय," म्हणत पुन्हा रंधा हातात दिलात? तुमची जीभ मला ठाऊक आहे.

सासूबाई सध्या फक्त तुमच्या हातून दोन घास खातात. त्यांचा एक मुलगा गेला. दुसऱ्याला मी त्यांच्या नजरेतून कसं उतरवू?

म्हणून हे पत्र तुम्हाला देत नाही. त्या आहेत तोवर देणार नाही.

वहिनी