दोनदा ओवाळलेला भाकरतुकडा

गाझियाबाद

ती. दामूदादास,

धाकटी शेवंता पाया पडते. वहिनीचा गुडघा कसा आहे? दुखतच असेल तर तिला म्हणावं, दिवसभर त्याच्याविषयी बोलू नकोस, त्यालाही जरा विसावा मिळेल. आम्ही इथे सुखरूप आहोत. किती जण, ते पुढे लिहिते. फोन का केला नाही म्हणशील, तर घर दोन खोल्यांचं, बोललेलं ऐकू जातं. लिहिलेलं अजून तरी कोणी वाचताना दिसलं नाही. (अक्षराला हसू नकोस. चौथीतून मला काढलं ते तुझी म्हैस राखायला.)

हे रजेवर निघाले, तिथून सगळं सुरू झालं. सात महिने बर्फातल्या चौकीवर होते. तीन दिवस हेलिकॉप्टरची वाट बघून खाली लेहला आले आणि तिथेच अडकले, हवा खराब, विमान उडेना. रोज फोन, उद्या निघतो. मी रोज भाकरी थापून तयार, दारात ओवाळून टाकायला. एवढ्या लांबून, तसल्या जागेवरून आलेला माणूस तसाच घरात घेत नाहीत, हे तुला सांगायला नको. रसिकाला सांगावं लागलं. (पोरगी इथेच वाढली. म्हणते, मम्मी, भाकरतुकडा मतलब?)

तर मंगळवारी सकाळी दहाला मोबाइल वाजला. इथे सोसायटीच्या गेटवर कोणी आलं की गार्ड नाव टाकतो, आपण 'हो' दाबायचं, मग आत सोडतात. नाव आलं, हणमंत. (मी लग्नापासून घेतलं नाही, तो मोबाइल खुशाल घेतो.) हो दाबलं, ताट घेऊन दारात उभी राहिले. धुकं इतकं, की समोरची इमारतच दिसत नव्हती. जिन्यात बूट वाजले. एक मजला, दुसरा, तिसरा, चौथा. दारासमोर येऊन थांबले. आणि कोणीच नाही. तशीच खाली जाऊन गार्डला झापलं. तो बिचारा म्हणतो, "भाभीजी, साहब अभी तो गए. हमने सलाम किया. मूंछ पर बर्फ थी." म्हटलं, दव असेल. दुपारी यांचा लेहहून फोन, आजही विमान नाही.

बुधवारी तेच. गुरुवारी पण तेच. मग माझं डोकं फिरलं. तिसरी भाकरी वाया, कंबर माझी मोडलेली. रिकाम्या उंबऱ्यावर तुकडा ओवाळला, जिन्याकडे भिरकावला, पाणी ओतलं आणि म्हटलं, "यायचं तर या एकदाचे आत, पुरे झाली नाटकं." घाई मला नडते, हे तू लहानपणापासून सांगत आलास.

त्या दुपारी आठ महिने गळणारा नळ बंद झाला. (प्लंबर तीनदा येऊन हरला होता.) शुक्रवारी सकाळी दिवाणावर ब्लँकेटची घडी, कोपरे विटेसारखे. रसिकाची आणि घडीची तर जन्मात गाठ पडलेली नाही. मी घाबरले नाही. राग आला, की हे आंघोळ न करता झोपले.

रविवारी हे खरोखर आले. लेहहून चंदीगडला विमानाने, मग रेल्वे पानिपतच्या अलीकडे अकरा तास धुक्यात उभी, मग मेट्रो, पुढे ट्रंक डोक्यावर घेऊन पायी. गार्ड म्हणाला, साहब, फिर से? मी पुन्हा भाकरतुकडा ओवाळला. हे आत आले, बूट न काढता दिवाणापाशी उभे राहिले. म्हणाले, घडी माझी आहे. फोनवर मी यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं, रसिकाला शपथ घातली होती. तरी खाली बसून हळूच म्हणाले, "लेहला पडल्या पडल्या रोज मनानं घरी यायचो. गेट, जिना, चार मजले. दारापर्यंतच जमायचं. गुरुवारी तू आत घेतलंस, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा मला झोप लागली."

आता हे आत पलंगावर घोरतात, आणि बाहेर दिवाणावरचं ब्लँकेट उलगडतं, सकाळी त्याची घडी होते. मी तीन कप चहा करते. हे चौथा ओतून गॅलरीतल्या खुर्चीपाशी ठेवतात, रिकामा कप मी उचलते. 'अहो' म्हणायची चोरी झाली आहे. हे बाथरूममध्ये असतात आणि गॅलरीतली खुर्ची करकरते.

वहिनीला नमस्कार.

तुझी शेवंता

ता.क. खरं काम हे. आईला विचार, ओवाळून आत घेतलेल्याला परत बाहेर कसं काढतात. उलट्या हातानं ओवाळायचं का? लगेच कळव.

आणखी ता.क. पत्र टाकायचं राहूनच गेलं, महिनाभर पिशवीत होतं. काल यांची रजा संपली. दारात 'येतो' म्हणाले, चार मजले बूट वाजत खाली गेले. संध्याकाळी मी रसिकाचा आणि माझा, दोनच कप करायला हवे होते, सवयीनं तीन केले. तिन्ही रिकामे झाले. आज उठल्या उठल्या आधी ब्लँकेट बघितलं. घडी होती. घडी आहे तोवर वर बर्फातही सगळं ठीक आहे असं मी धरून चालले आहे. वहिनीला गुडघ्याबद्दल हवं तेवढं बोलू दे. आणि आईला काही विचारू नकोस.